आधी रस्ता अडवा, मग घड्याळ लावा

मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ एकदा नीट वाचा. सार्वजनिक ठिकाणी मोटारींची शर्यत किंवा वेगाची चाचणी केली, तर पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर कैद वर्षभरापर्यंत आणि दंड दहा हजारांपर्यंत. २०१९ च्या दुरुस्तीने हे आकडे वाढले, आणि वाढले हे बरंच झालं. पण त्याच कलमात एक अट लिहिलेली आहे: राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावली तर तो गुन्हा. म्हणजे संमती मागता येते. ती मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या आपल्या तिरोडीतून मागावी, एवढंच आज सांगायचं आहे.

पोट्टे आत्ताही धावतातच. संध्याकाळ झाली की कटंगीच्या रस्त्यावर जा, नाहीतर सीमा ओलांडून महाराष्ट्रातल्या नाकाडोंगरी-गोबरवाहीकडे. गाडी एकशेदहा-पंचवीस सीसीची, मागे मित्र बसलेला, डोक्यावर काही नाही. समोरून मँगनीजचा ट्रक येतो, कडेने शिकवणीहून परतणाऱ्या मुली सायकलवर असतात, आणि मध्येच कुणाची तरी म्हैस रस्त्यावर उभी असते. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत, आणि मेलेल्यांत जवळजवळ निम्मे दुचाकीवरचे. हे आकडे सरकारचेच आहेत. त्यावरचा उपाय म्हणून आपण वेगमर्यादेच्या पाट्या लावतो आणि पोट्ट्यांना बोल लावतो. वेगाची ओढ पाटीने जात नाही. तिला जागा द्यावी लागते, आणि जागा दिली की नियमही लावता येतात.

ही जागा कशी द्यायची हे झाडीपट्टीला शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरतात, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, लागतात, रात्री नाटक उभं राहतं. पटात काय असतं ते आठवा. मोजलेली सरळ धाव. दोन्ही बाजूंना आडोसा आणि त्यामागे माणसं. पलीकडे बैल थांबायला मोकळी जागा. झेंडी दाखवणारा एक, वेळ पाहणारा एक, माइकवर एक. प्रवेश फी, वही, कमिटी. कुठे दोन जोड्या शेजारी सोडतात, कुठे एकटी जोडी सोडून घड्याळ लावतात आणि सेकंदाच्या अपूर्णांकावर इनाम ठरतं. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात बायकाही धुरकरी होऊन छकडा हाकतात. मोटारीच्या स्प्रिंट शर्यतीला याहून वेगळं काय लागतं? छकड्याच्या जागी मोटार येते आणि आडोसा जास्त भक्कम करावा लागतो, एवढंच.

आणि पट बंद पडला होता हेही आठवा. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला, तो पुन्हा न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो कायदा ग्राह्य धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाची तपासणी लागते. बैलमालक शेतकरी नऊ वर्षं खचले नाहीत, दिल्लीपर्यंत गेले, अटी मान्य केल्या आणि खेळ परत आणला. पुष्कळ पटांत पहिलं बक्षीस मोटारसायकल असतं. बैलांची धाव नियमात बसवून आपण जी मोटारसायकल जिंकतो, तीच दुसऱ्या दिवशी घरच्या पोट्ट्याच्या हातात कुठल्याही नियमाविना सोडतो. बैलांसाठी केलेल्या खटाटोपाचा दहावा हिस्सा पोट्ट्यांसाठी करायला काय हरकत आहे?

मोटारशर्यत म्हटलं की लोकांना बुद्ध सर्किट आठवतं, २०११ ची फॉर्म्युला वन आठवते, कोट्यवधींचा हिशेब आठवतो. तो रस्ता तिरोडीचा नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरला कारी, म्हणजे देशातली जुनी सर्किटं दक्षिणेच्या टोकाला. आपल्याकडे कोल्हापुरात मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे आणि त्या गावाने राष्ट्रीय पातळीवरचे चालक दिले आहेत. पुण्याचे संजय टकले रॅल्या करत करत २०२५ च्या डकार क्लासिकपर्यंत पोहोचले. पण कार्टिंग लहानपणापासून करायचं तर बापाची ऐपत लागते, आणि कोल्हापूर इथून महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला आहे.

गरिबाच्या खिशात बसणारी मोटारशर्यत वेगळी आहे. तिच्यात एका वेळी एकच गाडी धावते. सपाटीवर धावली की स्प्रिंट, चढावर धावली की हिल क्लाइंब. धडक द्यायला दुसरी गाडीच नसते. इंग्लंडमध्ये शेल्सली वॉल्श नावाची टेकडी आहे, तिथे १९०५ पासून हाच खेळ चालतो. चढ फक्त १००० यार्डांचा, म्हणजे ९१४ मीटर. सर्वांत वेगवान गाड्या तो २३ सेकंदांच्या आत चढून जातात. पण त्याच दिवशी त्याच टेकडीवर साध्या, रोजच्या वापरातल्या गाड्यांचाही गट असतो. माणूस घरून गाडी चालवत येतो, सरावाच्या आणि वेळेच्या मोजक्या धावा करतो आणि त्याच गाडीने घरी जातो. दिवसभरात गाडी प्रत्यक्ष पळते ती काही मिनिटं. त्यामुळे टायर टिकतात, इंजिन टिकतं, पेट्रोल थोडंच जळतं.

तिथली एक पद्धत मला फार आवडते. हिरवा दिवा लागला की लगेच उडी मारायची नसते. चालकाने आपल्या सवडीने निघायचं. गाडी पुढे सरकून प्रकाशकिरण तोडते तेव्हा घड्याळ सुरू होतं. दचकून, घाबरून, दुसऱ्याच्या आधी सुटण्याची गरजच उरत नाही. नवशिक्याला शिकायला यासारखी व्यवस्था नाही.

मग सुरुवात कशी करायची? गाडी शेवटी. आधी मार्शल व्हा. जिथे कुठे मान्यताप्राप्त ऑटोक्रॉस (मैदानात आखलेल्या वळणांवरची वेळेची शर्यत) किंवा रॅली असेल तिथे झेंडी धरायला माणसं कमी पडतात. दिवसभर उन्हात वळणावर उभं राहिलात की कोण कुठे ब्रेक मारतो, कुणाची गाडी का घसरते, हे फुकटात दिसतं. त्यानंतर वेळ-वेग-अंतराची रॅली करा, जिला सगळे टीएसडी म्हणतात. तीत पहिलं यायला जोरात पळायचं नसतं, ठरवून दिलेला सरासरी वेग काटेकोर पाळायचा असतो. शेजारी हिशेबाला पक्का माणूस हवा. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन (डब्ल्यूआयएए) बायकांसाठी अशी रॅली भरवते आणि घरच्या गाड्या घेऊन बायका उतरतात. गाडीत काहीही बदलावं लागत नाही. इंद्रियं आणि घड्याळ यांची सांगड इथे बसते.

गाडी घ्यायची वेळ आली तर जुनी मारुती ८०० घ्या. ती १९८३ ते २०१४ पर्यंत निघाली, सुटे भाग अजून मिळतात आणि कुठलाही मिस्त्री ती डोळे मिटून उघडतो. ७९६ सीसी, ४० च्या आत अश्वशक्ती, वजन साधारण साडेसहाशे किलो. हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. दहास एक असा चढ घ्या, वेग ताशी ३६ किलोमीटर धरा. शंभर किलो वजन त्या वेगाने नुसतं वर उचलायला सुमारे १.३ अश्वशक्ती खर्ची पडते. इंजिनातून तेवढी अश्वशक्ती जास्तीची काढायला जाल तर पैसा ओताल आणि इंजिन फोडाल. वजन काढायला पैसा लागत नाही. स्पीकरची पेटी काढा, डिकीतला पसारा काढा, नियम परवानगी देत असतील तर मागचं सीट आणि स्टेपनीही काढा. टाकी २८ लिटरची आहे, ती भरली की वीस किलो झाली. पाच लिटर घालून ओळीत उभे राहा.

पैसा घालायचाच असेल तर थांबण्यावर घाला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि ओलावा प्यायलेलं ऑइल लवकर उकळतं. उकळलं की पेडल थेट खाली जातं. डॉट ३ नव्या अवस्थेत किमान २०५ अंशांपर्यंत टिकतं, डॉट ४ किमान २३० पर्यंत. दोन्हींच्या किमतीत फरक किरकोळ आणि जिवाच्या दृष्टीने फार मोठा. गाडीच्या पुस्तकात चालत असल्याची खात्री करून डॉट ४ घाला, मोसमाआधी ताजं घाला. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात: २३२१ असतील तर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी नवी दिसली तरी रबर म्हातारं असू शकतं, तेव्हा जुन्या बाजारातून टायर घेताना आधी ते चार आकडे वाचा. हेल्मेट मात्र जुनं घेऊच नका. एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसतं आणि आतून संपलेलं असतं. अंगावर नायलॉनचं काही नको, आग लागली तर ते वितळून कातडीला चिकटतं. रोल केज, आसनपट्टे, अग्निशामक यांबाबत प्रत्येक स्पर्धेचं नियमपत्रक असतं. आधी ते पत्रक आणा, मग दुकानात जा.

आणि गाडी एकट्याने घेऊ नका. शेतात एकेकाच्या घरी एकच बैल असला की सावड करतात, तशी दोघातिघांनी गाडीची सावड करा. एकच गाडी दोन चालकांनी आळीपाळीने पळवणं या खेळात परदेशात रूढ आहे. खर्च निम्मा होतो आणि दोघांच्या वेळा शेजारी लिहिल्या की आपण कुठे कमी पडतो ते कळतं, कारण गाडी तीच असते.

एक धोक्याची गोष्ट घरच्यांना सांगून ठेवा. साध्या मोटार विम्यात संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. त्या दिवशीचा विमा आयोजकाने वेगळा उतरवला आहे का, हे लेखी पाहिल्याशिवाय फी भरू नका. देशात या खेळाची सूत्रं फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संघटनेकडे आहेत. तिची मान्यता आणि तिचा परवाना नसलेली शर्यत कितीही मोठ्या इनामाची असली तरी तिच्याकडे फिरकू नका.

जागा? बैहर रस्त्यावरचा गांगुलपाराचा घाट पाहून कुणाच्याही मनात येईल, पण तो जंगलातला रस्ता आहे. तिथे शर्यत नको, मी विरोध करीन. बैहरकडेच बिरव्याची हवाईपट्टी आहे. जगात पुष्कळ ठिकाणी स्प्रिंट शर्यती अशाच धावपट्ट्यांवर वाढल्या. मद्रासजवळचं शोलावरम ही महायुद्धातली धावपट्टी होती आणि तिथे कित्येक वर्षं देशाची शर्यत भरली. आपल्याकडे लोणावळ्याच्या पुढे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या धावा झाल्या आहेत. याच मध्य प्रदेशात पिथमपूरला २००७ पासून बाहा एसएईइंडियाची स्पर्धा होत आली, तिथे अभियांत्रिकीची पोरं स्वतः बांधलेल्या बग्ग्या चढावर चढवतात आणि सरळ धावेवर पळवतात. पुण्या-नागपुरातल्या महाविद्यालयांचे संघ तिथे जातात. राज्य सरकारला हा खेळ नवा नाही. आयटीआयमधल्या पोट्ट्याला मात्र त्या दारातून प्रवेश नाही, कारण ते दार महाविद्यालयांचं आहे.

दुसरी जागा तिरोडीतच शोधता येईल. मॉयल या मँगनीज कंपनीची इथली खाण उघडी आहे. चालू खाणीच्या रस्त्यावर शर्यत हा मूर्खपणा होईल, खाण सुरक्षेचे नियम ते होऊ देणारही नाहीत, आणि देऊ नये. पण कंपनीकडे मैदानं आहेत, यंत्रं आहेत, रुग्णवाहिका आहे, सुरक्षेचं शिक्षण घेतलेली माणसं आहेत. वर्षातला एक रविवार, एक सपाट केलेलं मैदान, मुरमावरची ऑटोक्रॉस: एवढं मागणं जास्त नाही. इथल्या मातीतलं मँगनीज देशभरातल्या गाड्यांच्या पोलादात गेलं आहे, आणि इथल्या पोराला धड गाडी चालवायला शिकवणारी एकही जागा गावात नाही. हे मला खुपतं.

पेट्रोल जळतं, आवाज होतो, अशी तक्रार येईल. एका दिवसाच्या धावांत जळणारं पेट्रोल एखाद्या लग्नाच्या वरातीपेक्षा जास्त नसेल. आवाजासाठी साध्या, सायलेन्सर शाबूत असलेल्या गाड्यांचाच गट ठेवा. पहिल्या वर्षी दुचाकी नको, चारचाकीच, कारण पत्रा आणि पट्टा दोन्ही सोबत असतात. अठरा पूर्ण आणि परवाना असल्याशिवाय नोंद नाही. मुलींसाठी फी अर्धी ठेवा.

अर्जाला फार काही लागत नाही. जागेचा नकाशा, धावेची लांबी, पलीकडे थांबायला तितकीच मोकळी जागा, प्रेक्षक कुठे उभे राहतील त्याची खूण, रुग्णवाहिका आणि अग्निशामक, मार्शलांची यादी, विम्याचा कागद, मान्यताप्राप्त क्लबचं पत्र. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आरटीओ आणि मॉयलचे खाण व्यवस्थापक यांना प्रती. अर्ज हिंदीत लागेल. आयटीआयच्या पोट्ट्यांनी तो स्वतः लिहावा, आणि पटाच्या कमिटीतल्या जाणत्यांनी त्यावर पहिली सही करावी. मंडया सुरू होण्याआधी तो बालाघाटला पोहोचला पाहिजे.