मचाणावर बसून युद्धकादंबरी कशी वाचावी

साहित्य : मराठे आणि अफगाण बादशहा अब्दाली यांच्या लढाईवरची विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८), पाण्याची बाटली आणि बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेसाठी नागझिऱ्यात पदरात पडलेलं मचाण. वाचन दिवसाउजेडी उरकावं. रात्री बॅटरी लावलीत तर सोबतचा वनरक्षक अब्दालीपेक्षा वाईट नजरेनं बघतो.

आधी शब्दांची भीती घालवावी. बिनी म्हणजे फौजेची आघाडी, चंदावल म्हणजे पिछाडी. गारदी म्हणजे कवायती बंदूकधारी पायदळ. इब्राहिमखान त्यांचा सरदार. एवढं पाठ केलं की चारचौघांत पुस्तक न वाचताही बोलता येतं.

खरी गोम बुणग्यांत आहे. बुणगे म्हणजे न लढणारी, पण जेवणारी माणसं : बाजारकरी, नोकरचाकर, यात्रेकरू, बायकामुलं. नवशिका तलवारीची पानं अधाशासारखी वाचतो आणि रसदीची पानं भराभर उलटतो. असं करू नये. लढाई १४ जानेवारी १७६१ ला एका दिवसात आटोपली, पण आधी अडीच महिने फौज पोटानं हरत होती. ऑक्टोबरात मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांनी कुंजपुरा घेतला, धान्यही हाती लागलं. तेवढ्यात अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि दिल्लीच्या वाटेवर ठाण मांडून बसला. डिसेंबरात रसदीची भिस्त असलेले गोविंदपंत बुंदेलेही मारले गेले.

वाट अडवण्याचा हा डाव ध्यानात येत नसेल, तर पुस्तक मिटून खालच्या पाणवठ्याकडे बघावं. ऐन उन्हाळ्यात बिबट्या चितळांमागे धावत सुटत नाही. पाण्याच्या वाटेवर झुडपाआड पडून राहतो. पुढची मादी एक पाय उचलते, हुंगते, पाय तसाच मागे घेते. कळप थबकतो. पुन्हा पुढे येतो, कारण तहान थांबू देत नाही.

मग येते गोलाची लढाई. बुणगे मधोमध, भोवती फौज, आणि सगळ्यांनी मिळून दिल्लीकडे सरकायचं. कागदावर बेत झकास. फक्त घोडेस्वारांनी जागा सोडायची नसते, आणि मराठा घोडेस्वाराला हे सांगणार कोण?

आता साहित्यगुण. रहस्य शोधू नये. शेवट आपल्याला शाळेतच कळलेला असतो. पात्रं आशेनं बोलतात आणि वाचकाला घाम फुटतो, याला शोकात्म उपरोध म्हणतात. परीक्षेत दोन गुणांना येतो. रूपकासाठी मात्र लेखकाची वाटही पाहायला नको. पराभवाची बातमी भेलशाच्या बाजूला असलेल्या नानासाहेब पेशव्यांना सावकारी पत्रातून कळली, असं सांगतात : माणसांच्या जागी मोती, मोहरा आणि खुर्दा. इतका हिशेबी शोक कादंबरीकारालाही सहज सुचणार नाही.

पुढचा धडा विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९). तीत बिनी नाही, चंदावल नाही, तोफ तर नाहीच. एक बोट, हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा आणि आपला चक्रधर. ही कादंबरी मचाणावर नेऊ नये. गणनेचा तक्ता कोराच राहतो.