कानाचे पैसे

भिवंडीत टर्बोची गाडी बिघडली की मालक निदान बरोबर घेऊनच येतो. "उस्ताद, टर्बो गेला." उस्तादाच्या गॅरेजमध्ये रोज असे दोन-चार टर्बो जातात आणि संध्याकाळपर्यंत त्यांतले बहुतेक परत येतात.

हा उस्ताद म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. वंजारपट्टी नाक्यापासून अंजूरफाट्यापर्यंत आणि पुढे मानकोलीच्या गोडाऊनांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर तो जागोजागी आढळतो. पत्र्याची शेड असते. दारात बोनेट उघडी टाकलेली एक पिकअप असते, ती कुणाची हे आता कुणालाच आठवत नाही. हाताखाली एक छोटू असतो, त्याला मिशा फुटून बरीच वर्षं झालेली असतात. आणि कूलंटच्या रिकाम्या कॅनवर उस्ताद बसलेला असतो. त्याच्या डाव्या कानात अत्तराचा फाया कायमचा मुक्कामाला. उजवा कान मात्र मोकळा, कारण तो कामाचा.

या कानाचं शिक्षण यंत्रमागांच्या खोलीत झालं. शेजारी, समोर, डोक्यावर सगळीकडे खटखट. बाहेरच्या माणसाला तिथे स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, पण मागवाल्याच्या घरातलं पोर झोपेतही सांगतं की तिसरा माग थांबला. त्या कल्लोळातून एक चुकलेला ठोका वेगळा काढायची सवय लागली की इंजिनाच्या घरघरीतून एक फुसफूस वेगळी काढणं जड जात नाही. हा उस्तादाचा सिद्धांत. तरीही अवघड केस असेल तर तो वीज जायची वाट बघतो. माग थांबले की आळीत जी शांतता पसरते, ती त्याची प्रयोगशाळा. वीज गेल्यावर मनापासून खूश होणारा भिवंडीतला हा एकमेव कारागीर असावा.

"टर्बो गेला? कुठे गेला?" उस्ताद विचारतो.

"कसारा घाटात."

"तिथे गेला, की तिथे कळलं?"

शेठ गप्प होतो. कारण प्रश्न वाजवी असतो. अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. टर्बोला काम करण्यासाठी जो धूर जोरात लागतो, तो तिथे इंजिनातून निघतच नाही. त्यामुळे भिवंडीत टर्बो शाबूत असलेली आणि नसलेली गाडी एकाच वेगाने रांगते. दोन टन माल भरून कसारा घाट लागला, मागून एस.टी. हॉर्न मारू लागली, की मगच कळतं की पायाखालचा ॲक्सिलरेटर नुसताच दाबला जातोय.

उस्तादाला टर्बोबद्दल माया आहे. फुकट जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायची ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरची, १९०५ सालच्या पेटंटातली. उस्तादाला हे नाव ठाऊक नाही, पण त्या माणसाचा स्वभाव त्याने बरोबर ओळखला आहे: "ज्याने बनवला तो व्यापारी डोक्याचा असणार. बाहेर चाललेला धूरसुद्धा त्याने राबवला." धूर एका बाजूचं चाक फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक हवा दाबून इंजिनात ढकलतं. मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे. असला सरदार उगाच मरत नाही, यावर उस्तादाचा विश्वास. बदनाम टर्बो होतो, फितूर मात्र एखादी क्लिप, एखादा फुगून चिरलेला रबरी पाईप किंवा मॅनिफोल्डचं जळलेलं पॅकिंग असतं.

मग चौकशी सुरू होते. काळा धूर मारते? शिट्टी वाजते? रेस दिल्यावर की गाडी लोडवर असताना? टर्बोच्या पुढे हवेची नळी फुटली असेल तर डिझेल पुरेसं आणि हवा कमी, म्हणून काळा धूर. निळा धूर आणि तेलाची तक्रार असेल तरच उस्ताद टर्बोकडे संशयाने पाहतो. बोनेट उघडल्यावर तो आधी हात लावत नाही, नुसता बघतो. दाबाच्या नळीत तेलाचा थोडा ओलावा असतोच. सांधा ढिला झाला की तो हवेबरोबर बाहेर येतो आणि त्यावर धूळ बसते. भिवंडीच्या हवेत कापसाचे तंतूही असतात, तेही येऊन चिकटतात. "जिथे गळतं तिथे दाढी उगवते," हे उस्तादाचं वचन. इतर शहरांतल्या मेकॅनिकांना ही सोय नाही.

दाढी दिसली नाही तर छोटूला हाक जाते. छोटू शाम्पूची पुडी बाटलीत घोळवून सांध्यांवर मारतो. बुडबुडा आला की चोर सापडला. टर्बोच्या आधीच्या नळीवर मात्र बुडबुडा येत नाही. ती नळी हवा आत ओढते, पाणीही ओढते आणि धूळही. तिथली चीर म्हणजे टर्बोच्या पात्यांवर रोजची वाळू, म्हणून तिला उस्ताद जास्त घाबरतो. तरीही सापडलं नाही, तर ब्रह्मास्त्र निघतं: प्लंबिंगच्या दुकानातलं पीव्हीसीचं बूच, त्यात टायरचा व्हॉल्व्ह. इंजिन बंद ठेवून हे बूच टर्बोच्या तोंडाला आवळायचं आणि कॉम्प्रेसरने पंधराएक पौंड हवा सोडायची. मग फुसफूस आपोआप बोलते. याहून जास्त हवा भरली तर बूच उडतं. शेडच्या पत्र्याला तसा एक पोचा आहे. त्याबद्दल छोटूशी कोणी बोलत नाही.

धुराच्या बाजूची गळती निराळी. सकाळी थंड इंजिनावर टिक-टिक-टिक आणि गाडी तापली की आवाज गायब, कारण लोखंड फुगून फट बुजवतं. दुपारी दोनला आणलेल्या गाडीत हा आवाज ऐकू येणं शक्य नसतं. म्हणून उस्ताद म्हणतो, "गाडी रात्रभर ठेवून जा." आणि शेठच्या डोळ्यांपुढे रात्री स्वतःची पिकअप कुणाच्या तरी मेहुण्याचं फर्निचर वाहताना दिसू लागते. सकाळी सहाला उस्ताद स्टार्टर मारतो, मॅनिफोल्डच्या कडेला काजळीची रेघ दाखवतो. इथूनच धूर निसटतो, टर्बोपर्यंत पोचतच नाही, मग बिचारा फिरणार कशावर? फक्त एका तक्रारीवर उस्तादाचं सगळं नाटक बंद होतं: केबिनमध्ये धूर येतो. गोडाऊनच्या रांगेत इंजिन चालू ठेवून, एसी लावून झोपणारे ड्रायव्हर त्याने पाहिलेले असतात. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ती गाडी तो रांग मोडून आधी घेतो आणि पैशांचं नंतर बोलतो.

एरवी मात्र नाटक हवंच. कारण पाच मिनिटांत सापडलेल्या गळतीचे पैसे भिवंडीत कोणी देत नाही. लोक सामानाचे देतात, निदानाचे नाहीत. पलीकडच्या गल्लीतला भाई काही न ऐकता टर्बो बदलतो, पाच आकडी बिल लावतो आणि गिऱ्हाईक त्याला चहा पाजतं, कारण डब्यातून नवी वस्तू निघालेली दिसते. उस्ताद ढिली क्लिप आवळतो, पाचशे मागतो आणि वाद सुरू. "बदललं काय?" "काही नाही." हे उत्तर एकदा दिलं की गिऱ्हाईक आयुष्यभर आपल्याला चोर समजतं, हे त्याला अनुभवाने कळलं आहे. म्हणून क्लिप धड असली तरी तो नवी टाकतो आणि जुनी कागदात गुंडाळून हातात देतो. आरोपी हाती आल्यावर शेठ शांत होतो. नाक्यावर गेल्यावर तो कागद फेकून देतो आणि छोटू जाऊन उचलून आणतो. मोठी लबाडी टाळायची तर एवढी छोटी परवडते, असा हिशेब.

मग भाचा आला. आयटीआय झालेला, हातात स्कॅनर. त्याने गाडीला वायर जोडली आणि जाहीर केलं, "पी झिरो टू नाइन नाइन. बूस्ट कमी."

"म्हणजे ताप आहे," उस्ताद म्हणाला. "कशाचा?"

भाच्याच्या यंत्राकडे याचं उत्तर नव्हतं. पण शेठने स्कॅनिंगचे पाचशे घासाघीस न करता काढून दिले. उस्तादाने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी शेडवर पाटी लागली: कॉम्प्युटर स्कॅनिंग रु. ५००. तेव्हापासून स्कॅनर आधी जोडला जातो, पडदा गिऱ्हाइकाकडे वळवून. नाटक आटपलं, कागदातल्या क्लिपा बंद झाल्या, जुनी धड क्लिप जागेवरच आवळली जाते.

अडचण एकदाच आली. जुन्या पंपाची, कॉम्प्युटर नसलेली गाडी घेऊन एक ड्रायव्हर आला आणि अडून बसला, "आधी स्कॅनर लावा, मग हात लावा." तिला वायर जोडायला जागाच नव्हती. भाचा समजावू लागला. उस्तादाने त्याला बाजूला सारलं आणि वायर सिगारेट लायटरच्या भोकात खोचली. पडदा उजळला. ड्रायव्हर मान डोलवत आकड्यांकडे बघत राहिला, उस्ताद मॅनिफोल्डकडे उजवा कान करून वाकला, आणि थोड्याच वेळात दोघांचीही खात्री पटली.