कोणच्या साहेबाचा हेल?

"काकू, रात्री तुमचा नातू कोणाशी भांडून राहिला होता? नुसतं 'वॉरर, वॉरर' ऐकू येत होतं."

काकू वॉलकंपाउंडच्या पलीकडे मुगवड्या घालत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "भांडते कायले बाई! पाणी मागून राहिला होता. अमेरिकेत म्हणे वॉटरले असंच म्हणतात. कॉलसेंटरच्या नोकरीसाठी क्लास लावला ना त्यानं. जीभ मागं गुंडाळून बोला म्हणते सर. आता घरात वरणही तसंच मागते. त्याची माय घाबरली, पोराले लकवा त्‌ नाई मारला म्हणून."

"शिकू द्या की."

"शिकू दे ना! पण तो सर म्हणते, तुमचं इंग्रजी नागपुरी हाये, ते साफ करा लागते. साफ म्हणजे कोणासारखं वो? तुम्ही कॉलेजात शिकवलं, तुम्हीच सांगा."

असं विचारल्यावर माझ्या चहाचं काय होणार ते ठरलेलंच. मी म्हटलं, "काकू, नागपूरला इंग्रजी शिकवायला पहिल्यांदा जो आला ना, तो स्वतःच लंडनवाल्यांसारखं बोलणारा नव्हता. स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडच्या डन्स गावचा. १८४५ साली आला, तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं."

"हिस्लॉप म्हणजे आपलं कॉलेज?"

"ते त्याच्या नावाचं, १८८३ चं. तो बिचारा त्याआधी वीस वर्षं गेला. टाकळघाटचे जुने दगडांचे गोल पाहून रात्री घोड्यावरून परत येत होता, नाल्याला पूर आला, वाहून गेला."

"अरे बाप्पा!"

"हो ना. मोठा कानाचा माणूस होता पण. गोंडांची गाणी, त्यांचे शब्द ऐकून लिहून ठेवायचा. आणि मजा ऐका. स्कॉटिश लोक 'र' गिळत नाहीत. लंडनचा साहेब कार म्हणताना शेवटचा 'र' खाऊन टाकतो, स्कॉटिश माणूस तो चांगला वाजवून म्हणतो. तुम्ही-आम्ही म्हणतो तसा. 'गो' म्हणतानाही त्यांचा ओ सरळ, आपल्यासारखा. लंडनवाला त्याला वळण देऊन 'गऊ' करतो."

"म्हणजे आपण हिस्लॉपसाहेबाचं बोलून राहिलो?"

"तसं नाही हो. आपल्याकडे ते मराठी-हिंदीतूनच आलं. पण जो उच्चार त्या सराला अडाणी वाटतो, तो तिकडे एका अख्ख्या देशाचा आहे."

काकूंना हे एवढं पटलं की वडी थोडी मोठीच पडली.

मग मी भाचीचं सांगितलं. ती न्यूकॅसलला शिकायला गेली. इंग्रजीत कायम वरचे मार्क. पहिल्याच दिवशी बस ड्रायव्हर काय म्हणाला ते कळेना. एवढंच कळलं की तो तिला 'पेट' म्हणाला. तिकडे लाडानं कोणालाही पेट म्हणतात. नॉटिंगहॅमकडे तर डक म्हणतात.

"डक? बदक?"

"बदक."

"परक्या बाईले बदक म्हटलं त्‌ लाड, अन्‌ आपण भावाले 'काय बे' म्हटलं त्‌ पुण्याचे लोक नाकं मुरडतात!"

यावर काय बोलणार? लिव्हरपूलचं सांगितलं. लिव्हरपूल आणि मँचेस्टर म्हणजे साधारण आपलं नागपूर-भंडारा, पण बोलणं साफ वेगळं. लिव्हरपूल बंदराचं गाव. १८४० नंतरच्या दुष्काळात आयर्लंडची माणसं लोंढ्यानं आली, वेल्सची होतीच, सगळ्यांचं मिळून बोलणं गाणं म्हटल्यासारखं झालं. बीटल्स तिथलेच.

आणि बीबीसीवर मात्र एकेकाळी एकच परीटघडीचं इंग्रजी. दुसऱ्या महायुद्धात विल्फ्रेड पिकल्स नावाच्या यॉर्कशायरच्या माणसाला बातम्या वाचायला बसवलं, तर लोकांनी तक्रारी केल्या. आपल्याच देशाचा माणूस, पण बातम्या खऱ्या वाटेनात! पुढे तोच रेडिओवर कमालीचा लोकप्रिय झाला. तरी उच्चारावरून माणसाची पायरी ठरवायची खोड तिथून गेली नाही. बर्नार्ड शॉनं तर कितीतरी आधी त्यावरच 'पिग्मॅलियन' लिहिलं होतं.

"म्हणजे आपली 'ती फुलराणी' ना? भक्ती बर्वे!" काकू एकदम खुलल्या. "पु.लं.नी काय केलं होतं वो ते! मले त्‌ ती सुधरायच्या आधीच जास्त आवडली होती."

मलाही. पण हे कबूल करायला इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं.

मग गाडी काकांच्या ऑफिसवर आली. काका रेल्वेत होते. नागपूर हे जंक्शन, त्यामुळे ऑफिसात देश भरलेला. बंगाली बाबू व्हेरी गुडला 'भेरी गुड' म्हणायचे, तमिळ साहेब एम.ए.ला 'येम्‌-ये' म्हणायचे, आणि आपले काका प्रत्येक व्ही जरा फुंकर मारूनच म्हणायचे, 'व्हेरी', 'व्हॅन', मराठी माणसासारखे.

"पण सांगू का," काकू म्हणाल्या, "ते तमिळ साहेब पत्र सांगाले लागले का मृदंग वाजल्यासारखं वाटे. घरी जेवाले आले होते एकदा. मले इंग्रजी समजत नव्हतं, पण मी दारामागं उभी राहून आयकत होतो. पोळी करपली."

"आणि काकांना समजायचं?"

"सगळं. बंगाल्याचं, मद्राशाचं, साऱ्यांचं. एका गोऱ्या इंजिनिअरचं तेवढं नाई समजलं म्हणत होते. तो कुठचा होता कोणाले मालूम, तुमच्या त्या बदकवाल्या गावचा असंल."

मी म्हटलं, "काकू, आता तर कॉम्प्युटरच उच्चार बदलून देतो. टेलिपरफॉर्मन्स म्हणून फ्रान्सची मोठी कॉलसेंटर कंपनी आहे, ती भारतातल्या पोरांसाठी हे वापरायला लागल्याची बातमी २०२५ साली आली होती. पोरगं इकडून आपल्या हेलात बोलतं, तिकडच्या गिऱ्हाइकाला ते बोलता बोलताच त्याच्या सवयीच्या उच्चारात ऐकू येतं."

काकूंचा हात थांबला. "म्हणजे पोरगं इथून नागपुरीत बोललं तरी तिकडे अमेरिकन आयकू जाते?"

"इंग्रजीच बोलायचं हो, पण हेल कोणताही चालतो."

"अन्‌ हे त्या सराले मालूम हाये?"

"असेल ना. मालूम नसेल असं कसं?"

काकूंनी पिठाचा हात टोपल्याच्या काठाला पुसला आणि घराकडे तोंड करून आवाज दिला, "अबे ए! त्या क्लासवाल्याले फोन लाव. फी वापस माग म्हणा. अन्‌ थांब, तू नको बोलू, तुह्यं त्‌ काईच समजत नाई आता. मीच बोलतो."