पांढरी पाच, जराशी चढी

स्पीकर कितीही म्हातारा झाला तरी आधीची नोकरी विसरत नाही. दुकानातून नवी कोरी जोडी आणणाऱ्यांना हे कळायचं नाही. त्यांचे दोघे एकाच कारखान्यातून निघालेले असतात आणि त्यांना स्वतःचं असं मत नसतं. माझ्याकडचे चारही सेवानिवृत्त आहेत. एक आजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओतला लंबगोल. एक मेहुण्याच्या मारुती 800च्या मागच्या काचेखालून काढलेला. तिसरा कुणाच्या तरी भंगारात निघालेल्या म्युझिक सिस्टिममधला सहा इंची. त्याच्या पेटीवर ‘1000 वॅट पीएमपीओ’ असं सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं आणि आतला ट्रान्सफॉर्मर माझ्या मुठीत मावत होता. (घरची इस्त्री खरीखुरी 1000 वॅटची आहे, पण तिच्यावर सोनेरी अक्षरं नाहीत.)

चौथा कर्णा. खरोखरचा कर्णा, ॲल्युमिनियमचा, रिक्षाच्या टपावर बांधून प्रचाराला फिरवतात तसला. तो मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. विकणारा म्हणाला, “चालू आहे.” मी खिशातून पेन्सिल सेल आणि वायरचे दोन तुकडे काढले, टोकं टेकवली, आतून खट्ट असा आवाज आला. स्पीकर जिवंत आहे की नाही हे कळायला एवढं पुरतं. कागदी स्पीकर असेल तर आणखी एक गोष्ट समजते: सेल लावल्यावर पडदा बाहेर आला तर सेलचं प्लस टोक जिथे टेकलंय ते प्लस. तिथे लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. खिशात सेल बाळगणाऱ्या गिऱ्हाइकाशी कुणी घासाघीस करत नाही. कीव येऊन देऊन टाकतात.

ॲम्प्लिफायरचं सामान घ्यायला पासोड्या विठोबाजवळ गेलो. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, “स्पीकर किती?”

“चार.”

“सारखे?”

मी समोरच्या कपॅसिटरच्या बरण्या न्याहाळू लागलो.

“मग फोर-फोर-फोर-झिरो घेऊन जा काका. मरत नाही ती.”

ही 4440 म्हणजे सान्यो कंपनीची 14 पायांची आयसी. दोन बाजूंना सहा-सहा वॅट देते, दोन्ही बाजू एकत्र जुंपल्या तर 19. फार तापली की आपण होऊन गप्प बसते आणि थंड झाली की पुन्हा बोलायला लागते. हा गुण मी माणसांत फारसा पाहिलेला नाही. सोबत 12-0-12चा ट्रान्सफॉर्मर, डायोड, कपॅसिटर आणि डाग द्यायला राळ. 12 व्होल्ट एसी डायोडमधून गेला की कपॅसिटरवर 16च्या आसपास डीसी उभा राहतो, तो आयसीला चालतो. इथवर सगळं सरळ होतं.

पेच ओहमचा. गाडीवाला चार ओहमचा, कारण गाडीत व्होल्ट बाराच, तेव्हा कमी ओहम ठेवूनच जास्त वॅट काढावे लागतात. सिस्टिमवाला आठचा, कर्णा 16चा, आणि रेडिओवाल्याच्या पाठीवरचा शिक्का पुसलेला. मीटर लावल्यावर तोही चारच्याच घरातला निघाला. शेजारी शेजारी, म्हणजे पॅरलल जोडावेत तर चार आणि आठ मिळून पावणेतीनही होत नाहीत आणि आयसी घामाघूम. एकामागे एक जोडावेत, तर ज्याचे ओहम जास्त त्याच्या वाट्याला वीज जास्त. चौघांच्या ओळीत कर्णा एकटाच निम्मी वीज पिऊन टाकतो. वर कर्ण्याची जातच अशी की तेवढ्याच वॅटमध्ये तो कागदी स्पीकरच्या कितीतरी पट ओरडतो. म्हणजे उरलेल्या तिघांनी नुसते ओठ हलवायचे.

पहिल्यांदा तसंच जोडून पाहिलं. भीमसेन जोशींचा अभंग लावला. स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, “आता कसली निवडणूक? कोण उभं आहे?”

तिची चूक नव्हती. कर्ण्याला खालचे सूर गाताच येत नाहीत. त्याच्या नळीत ते तयारच होत नाहीत. उरतो मधला पट्टा, ज्यात शब्दांची व्यंजनं राहतात. त्यामुळे त्यातून कुणीही काहीही गायलं तरी ती सूचनाच होते. पंढरीच्या विठ्ठलाला मत द्या, एवढंच म्हणायचं बाकी होतं. कर्ण्याला बाजूला काढून रेडिओवाला एकटा लावला, तर तोच अभंग सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांसारखा यायला लागला. मध्यम लहरींवर पाचेक हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही येतच नाही. तेव्हा या स्पीकरनं जन्मभर झांजेचा वरचा किणकिणाट ऐकलेलाच नाही; आता या वयात तो कुठून काढणार? गाडीवाला मात्र ठरावीक एका सुरावर अख्खा थरथरतो, बाकी वेळ गप्प. त्याला अजून डिकीचं झाकण आठवत असावं.

शेवटी कर्ण्याच्या वाटेत एक पांढरा, चौकोनी, 10 वॅटचा रेझिस्टन्स बसवला, म्हणजे तो कुजबुजल्यासारखा ओरडतो. सिस्टिमवाल्याचं दुखणं वेगळं. उघडा ठेवला की त्याला बासच नाही, कारण पडद्याच्या पुढून निघालेली लाट आणि मागून निघालेली उलटी लाट कडेवरून एकमेकींना भेटतात आणि एकमेकींना खाऊन टाकतात. मागची लाट कोंडायला पेटी हवी. आईचा गेल्या उन्हाळ्यातला माठ गच्चीत पडून होता. भोकं क्षारांनी बुजल्यामुळे त्यातलं पाणी गार होईना म्हणून तो बाद झालेला. तोंडावर सायकलच्या ट्यूबची कडी, तिच्यावर स्पीकर, काठाच्या चिरेतून वायर. तबल्याचा बायाँ पहिल्यांदा त्या माठातून घुमला तेव्हा शेजारच्या काकांनी भिंतीवर थाप मारली. ती दाद असावी असं मी धरून चाललो आहे.

राहता राहिली घरघर. गाणं बंद असलं तरी चारही तोंडांतून एक बारीक हुंकार सतत यायचा. घरातली वीज 50 हर्ट्झची. डायोड तिची खालची अर्धी बाजू उलटी करून वर आणतात, म्हणून कपॅसिटर कमी पडला तर उरलेली लहर 100 हर्ट्झची होते. हे सगळं मी आईला समजावून सांगत होतो. आई चाळीत असताना क्लासला जाऊन रीतसर गाणं शिकलेली. तिनं डोळे मिटले, मान जरा तिरपी केली आणि म्हणाली, “पांढरी पाच. जराशी चढी आहे.”

पेटी काढून पाहिली. अगदी पांढरी पाच, आणि केसभर चढी. म्हणजे वीजवाले अख्ख्या महाराष्ट्राला तंबोरा पुरवतात आणि त्याचं वेगळं बिल लावत नाहीत. पांढरी पाचच्या आसपास गाणाऱ्यांचं माझ्याकडे उत्तम जमतं. बाकीचे कितीही मोठे असोत, आमच्या घरी बेसूर वाटतात.

पुढे मोठा कपॅसिटर घातला, ट्रान्सफॉर्मर आयसीपासून हातभर लांब नेला, आत येणाऱ्या वायरीला जाळीचं वेष्टण केलं. हुंकार जवळजवळ गेला. आई दोन दिवस फुरंगटून होती. “चांगला सूर लागला होता, तेवढा घालवलास,” म्हणाली. आता तिच्या रियाजाच्या वेळेपुरता मी जुना कपॅसिटर लावून देतो; त्यासाठी एक बटणच बसवलं आहे.

एकच गोष्ट सलते. बास फक्त उजवीकडून येतो. डावीकडे दुसरा सहा इंची मिळाला आहे, त्याच्या फाटक्या कागदाला फेव्हिकॉल लावून तो वाळवूनही ठेवला आहे, पण माठ नाही. यंदाचा माठ अजून स्वयंपाकघरात, ओल्या फडक्यात. मी रोज दुपारी त्यातलं भांडंभर पाणी पितो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, “आई, हल्ली कोमट लागतं गं.”

“लागू दे,” आई म्हणते. “हात लावलास तर बघ.”