त्रिकोणमिती, दुपारी साडेअकरा ते दीड

पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत त्रिकोणमिती शिकायची म्हटलं तर जागेला तोटा नाही. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, निकालाला वेळ असतो, आणि सदाशिव पेठेपासून कोथरूडपर्यंत अकरावीच्या व्हेकेशन बॅच सुरू होतात. अकरावीच्या गणिताच्या पुस्तकात पहिलंच प्रकरण कोन आणि त्याच्या मापनाचं आहे, पाठोपाठ त्रिकोणमितीची दोन. त्यामुळे मुलांचा पहिला मोकळा उन्हाळा साइन आणि कॉसमध्ये जातो. यंदा माझाही गेला. मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. दहावीनंतर कॉमर्सला गेले आणि त्रिकोणमिती तिथंच सुटली. आमच्या घराची गॅलरी उत्तरेला आहे. डिसेंबरात तिथं उन्हाचा कवडसाही पडत नाही आणि मे-जूनमध्ये सकाळी पापड वाळतील एवढं ऊन येतं. हे नेमकं किती अंशांनी सरकतं ते स्वतः काढता यावं, एवढी माझी इच्छा होती. एका महाविद्यालयानं उन्हाळी वर्ग जाहीर केला, वयाची अट नव्हती, मी फी भरली.

वर्गात दहावीची मुलं होती, डिप्लोमाला गणित राहिलेली मुलं होती आणि मी. मुलं मला काकू म्हणायची आणि वही मागायची. मुलांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती बाकीच्या सगळ्याबद्दल, आणि ती मी क्रमानं सांगणार आहे, कारण यातली एकेक गोष्ट लहान दिसली तरी सगळ्यांचं मूळ एकच आहे.

आधी खुर्ची. वर्गातल्या सगळ्या खुर्च्यांना लिहायची फळी उजव्या हाताला. मी डावखुरी. डावखुऱ्या माणसाला अशा खुर्चीत कंबरेतून पिळून बसावं लागतं आणि दोन तास तसं बसून काटकोन त्रिकोण काढला तर तो काटकोन येत नाही. माझ्याशिवाय आणखी दोन मुलं डावखुरी होती. आम्ही तिघं शेजारच्या खुर्चीच्या फळीवर वही ठेवायचो, म्हणजे तीन माणसांना सहा खुर्च्या. मग शिपाईमामा येऊन खुर्च्या मोजायचे. डावीकडे फळी असलेल्या खुर्च्या बाजारात मिळतात. तीन पुरल्या असत्या.

मग झेरॉक्स. सूत्रांचा कागद पहिल्या दिवशी मिळाला. तो झेरॉक्सच्या झेरॉक्सचा झेरॉक्स असावा, कारण थीटा आणि शून्य यांत फरक राहिला नव्हता. त्रिकोणमितीत थीटा म्हणजे अजून न सापडलेला कोन आणि शून्य म्हणजे सापडलेला. ज्या मुलाला साइन थीटा म्हणजे साइन शून्य वाटलं त्यानं उत्तर शून्य काढलं, आणि ते कागदाप्रमाणे बरोबर होतं. वर्गमूळाचं चिन्ह कुठं तीनवर होतं, कुठं तीन भागिले दोन या सगळ्यावर. नवीन कागद टाइप करायला अर्धा तास लागला असता. मी तो घरी हातानं लिहून काढला आणि मुलांना वाटला.

‘हे तुम्हाला दहावीत झालेलं आहे.’ हे वाक्य आमच्या वर्गात रोज ऐकू यायचं. दहावीत काय सांगतात, तर हे पुढे अकरावीत सविस्तर येईल. म्हणजे साइन म्हणजे काय हे सांगायची जबाबदारी दोन इयत्तांच्या मधल्या मे महिन्यात येऊन पडते आणि मे महिन्यात ती कुणी घेत नाही. दहावीत काटकोन त्रिकोणातल्या बाजूंचं गुणोत्तर म्हणून साइन शिकवलेला असतो. अकरावीत एकदम १५० अंशांचा साइन काढायचा असतो. काटकोन त्रिकोणात १५० अंशांचा कोन बसतच नाही. मग तो कुठून आला? एक त्रिज्येचं वर्तुळ काढून, त्यावर बिंदू फिरवून, त्याची उंची म्हणजे साइन हे दाखवलं की प्रश्न मिटतो. आमच्याकडे त्याऐवजी ‘ॲड शुगर टू कॉफी’ असं लिहून दिलं. पहिल्या चरणात सगळे धन, दुसऱ्यात साइन, तिसऱ्यात टॅन, चौथ्यात कॉस. मुलांना कॉफी पाठ झाली. दुसऱ्या चरणात साइन धन का, असं मी एका हुशार मुलीला विचारलं तर ती म्हणाली, काकू, कारण शुगर.

मला याचं मनापासून वाईट वाटतं. बिंदू अक्षाच्या वर आहे म्हणून साइन धन, खाली गेला की ऋण. हे एका वाक्यात संपतं आणि जन्मभर विसरत नाही.

रेडियनचंही तेच. अंशांना पाय भागिले १८० नं गुणा, झालं रेडियन. रेडियन आहे काय, हे दाखवायला एक ताट आणि एक दोरा पुरतो. ताटाच्या त्रिज्येएवढा दोरा कापायचा, तो ताटाच्या कडेवर बसवायचा, दोन्ही टोकं मध्याशी जोडायची; जो कोन झाला तो एक रेडियन, सुमारे ५७.३ अंश. हे न कळल्यानं पुढे काय होतं ते मी पाहिलं. डिप्लोमाच्या मुलाच्या कॅल्क्युलेटरवर साइन ३० चं उत्तर उणे ०.९८८ आलं. त्यानं तेच वहीत उतरवलं आणि पुढचं सगळं गणित त्यावर रचलं. कॅल्क्युलेटर रेडियनवर होता. यंत्राचं उत्तर चूक नव्हतं, ३० रेडियनचा साइन तेवढाच असतो. पण ३० अंशांच्या साइनला ऋण चिन्ह येऊच कसं शकतं, हा संशय त्या मुलाला यायला हवा होता, आणि संशय यायला वर्तुळ डोळ्यांसमोर लागतं.

आता सूत्रं. दोन कोनांच्या बेरजेची, वजाबाकीची, दुपटीची, तिपटीची, निम्म्याची, मग बेरजेचा गुणाकार आणि गुणाकाराची बेरीज, ही सगळी एका आठवड्यात. सिद्धता ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून गाळली. ती कशासाठी आहेत हेही गाळलं, आणि माझी सर्वांत मोठी नाराजी इथं आहे, कारण हे सांगायला महाराष्ट्राइतकी योग्य जागा नाही. ज्याला आपण साइन म्हणतो त्याचं कोष्टक आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये दिलं, पावणेचार-पावणेचार अंशांच्या अंतरानं चोवीस किमती. असं कोष्टक भरताना दोन कोनांच्या किमतींवरून त्यांच्या बेरजेची किंमत काढता आली तर काम सोपं होतं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्यातल्या ज्योत्पत्ति प्रकरणात बेरजेचा हा नियम आहे, १८ अंशांची नेमकी किंमत आहे. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. त्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे, आणि डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. म्हणजे आपल्याच जळगाव जिल्ह्यात आठशे वर्षांपूर्वी हे शिकवायची कायमची सोय झाली होती. मुलांना हे सांगायला पाच मिनिटं लागतात. सूत्र कुणाला आणि कशाला लागलं हे कळलं की ते पाठ करावं लागत नाही, निदान पाठ करताना चीड येत नाही.

साइनच्या नियमाचंही तसंच आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या बाजू कळतात. सर्वेक्षक विल्यम लॅम्ब्टननं १८०२ च्या एप्रिलमध्ये, भर उन्हाळ्यात, मद्रासजवळ साडेसात मैलांची एक रेषा साखळीनं मोजायला घेतली आणि तिच्यावर त्रिकोणाला त्रिकोण जोडत मोजणी उत्तरेकडे नेली. प्रत्येक वेळी जमीन मोजत बसायचं कारण नाही. टेकडीवर चढायचं, दुर्बिणीच्या यंत्रानं कोन घ्यायचा, बाकी काम साइनचा नियम करतो. वीस वर्षं हेच करत तो आपल्या विदर्भापर्यंत आला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथं आहे. याच मोजणीच्या पुढच्या टप्प्यात राधानाथ सिकदारांनी आकडेमोडीतून जगातलं सर्वांत उंच शिखर ओळखलं. आमच्या वर्गात हिंगणघाटची एक मुलगी होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं, आणि साइनच्या नियमाच्या तासाला फळ्यावर फक्त ए, बी, सी अशी अक्षरं होती.

उदाहरणांबद्दल तर बोलायलाच हवं. दीपगृहाची उंची ९० मीटर, वरून जहाजाकडे पाहताना अवनत कोन ६० अंश, तर जहाज किती दूर? उत्तर साधारण ५२ मीटर. वर्गमूळ तीन म्हणजे १.७३ धरायचं आणि पुढे जायचं. पण दीपगृहापासून ५२ मीटरवर आलेलं जहाज खडकावर चढलेलं असतं. ज्यानं हे उदाहरण रचलं त्यानं उत्तराकडे एकदाही पाहिलं नाही आणि मुलांनीही पाहू नये अशी व्यवस्था केली. सगळे मनोरे, सगळी झाडं, सगळे पतंग ३०, ४५ किंवा ६० अंशांतच दिसतात. पर्वतीवरून सिंहगड पाहा. सरळ रेषेत तो सतरा-अठरा किलोमीटर आहे. गडाची उंची समुद्रसपाटीपासून साधारण १३१२ मीटर, पर्वतीची ६४०. फरक पावणेसातशे मीटरच्या आत. भागाकार केला की कोन दोन अंशांच्या थोडा वर येतो. रोज दिसणारा एवढा मोठा डोंगर आपल्या डोळ्यांत फक्त दोन अंश उभा आहे, हे कळलं तेव्हा मला जो आनंद झाला तो त्या दीपगृहानं कधी दिला नाही. कोनमापक, एक नळी, दोरा आणि वजनाला नट एवढ्या सामानात उन्नत कोन मोजता येतो. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि वेळ. वर्गाची वेळ साडेअकरा ते दीड. सकाळची वेळ मागितली तर सकाळी वर्ग रिकामे नसतात. सगळ्यांत वरचा मजला, स्लॅब तापलेला, पंखा कुरकुरणारा, फळ्यावर ऊन येतं म्हणून पडदे ओढलेले. तेही मी सोसलं असतं. पण पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि १३ मेच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या तेवढाच उत्तरेला पोचलेला असतो. त्या दिवशी मध्यान्हीला तो बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. घड्याळात ही वेळही काढता येते. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, पुणे त्याच्या पश्चिमेला ८.६ अंश, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे साधारण ३४-३५ मिनिटं उशीर. मेच्या मध्याला सूर्य घड्याळाच्या पावणेचार मिनिटं पुढे असतो, ती वजा. १२ वाजून ३१ मिनिटं. टिळक रस्त्यावरची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून पुणेकरांना आकाश दाखवते आहे. शून्य सावलीचा दिवस शहराला अनोळखी नाही.

त्या दिवशी, त्या मिनिटाला, आम्ही पडदे ओढून मनोऱ्याच्या सावलीवरून मनोऱ्याची उंची काढत होतो.

मी हात वर केला होता. सांगितलं की दहा मिनिटं खाली पटांगणात जाऊ, ९० अंशांचा कॉट शून्य असतो हे डोळ्यांनी दिसेल. सर म्हणाले, काकू, आज कॉट झाला नाही तर सबमल्टिपल, म्हणजे निम्म्या कोनाची सूत्रं, राहतील. सरांवर माझा राग नाही. ते तासिका तत्त्वावर काम करतात, त्यांना तासाचे पैसे मिळतात, ठरलेल्या मुदतीत ठरलेली प्रकरणं पुरी करायची असतात आणि पटांगणात घालवलेल्या दहा मिनिटांचा रकाना त्यांच्या हजेरीपटात नाही. ते पोरगं उन्हात दुचाकीवरून तीन ठिकाणी शिकवतं. राग आहे तो निकालाच्या आत प्रकरण उरकायच्या घाईवर, आणि घाईत काय गेलं हे विचारायला कुणी नाही यावर.

गॅलरीचं उत्तर मी शेवटी घरीच काढलं. डिसेंबरात सूर्य सर्वांत दक्षिणेला असताना पुण्यात मध्यान्हीला तो ४८ अंशांवर असतो. माझी सावली तेव्हा दीड मीटरच्या जवळपास आणि उत्तरेकडे. २१ जूनला तो डोक्याच्या पाच अंश उत्तरेला असतो. सावली जेमतेम चौदा सेंटिमीटर आणि तीही दक्षिणेकडे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुणेकरांची दुपारची सावली दक्षिणेला पडते. इतकी वर्षं पुण्यात राहून मला हे माहीत नव्हतं आणि वर्गातल्या एकाही मुलाला नव्हतं.

महाविद्यालयाच्या कार्यालयात मी अर्ज दिला आहे. डावीकडे फळी असलेल्या खुर्च्या. थीटा वाचता येईल असा कागद. रेडियनसाठी एक पूर्ण तास, एकेका मुलाच्या हातात दोरा देऊन. ज्या दिवशी सावली नाहीशी होते त्या दिवशी मध्यान्हीला वर्ग पटांगणात. आणि एक सकाळ पर्वतीवर, कोनमापकासह. कारकून म्हणाले की हे पाच वेगवेगळ्या विभागांचे विषय आहेत, पाच अर्ज करा. मी केले. पाचहीवर आवक क्रमांक घेतले आहेत. पुढच्या वर्षीच्या वर्गाची फी भरण्याआधी मी त्यांची उत्तरं मागणार आहे.