पुरात उतरावे, नोंदीत उतरू नये

बंगळुरूच्या इंदिरानगरात पाऊस दोन दिवस लागून राहिला की सोसायटीत मदतकार्याचा व्हॉट्सॲप ग्रुप निघतोच. सप्टेंबर २०२२ मध्ये येमलूर, बेळ्ळंदूर पाण्याखाली गेलं आणि आयटीतली मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ऑफिसला निघाली, तेव्हा ओल्ड एअरपोर्ट रोडवरून आपण बिस्किटं घेऊन धावलोच होतो. पुढच्या पुराला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी या चार सूचना.

आधी एक्सेल शीट उघडा. बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या, चादरी, मेणबत्त्या असे रकाने पाडा. कोणत्या फ्लॅटमधून काय आलं ते नगानिशी लिहा. ते घेऊन गेलं कोण, कुठल्या गल्लीत, किती तास पाण्यात उभं होतं, हे मात्र लिहू नका. बिस्किटांचा हिशेब पुढच्या मीटिंगला कोणीतरी मागेल. माणसांचा अजून कोणी मागितलेला नाही.

पायात हंड्रेड फीट रोडवर घेतलेले सँडल असू द्या. गमबूट फोटोत बरे दिसत नाहीत. टाचेला भेग असेल तर ती तशीच उघडी ठेवा. उंदराचं मूत मिसळलेल्या पाण्यातून लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) जंतूला आत शिरायला तेवढी फट पुरते. शिवाय हा जंतू सभ्य आहे, लगेच त्रास देत नाही. ताप बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांनी येतो, कधी महिन्यानेही. तोवर ग्रुपवर दिवाळीच्या फराळाची ऑर्डर चालू झालेली असते. डॉक्टरांनी विचारलं, ‘साचलेल्या पाण्यात गेला होतात का?’ तर सांगा, ‘छे हो, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.’ २६ जुलै २००५च्या पावसानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, हे आठवू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच डॉक्सिसायक्लिन घेता येतं. पण ते कोणाकोणाला द्यायचं, यासाठी यादी लागते. यादी करायची नाही, हे आपलं ठरलंय.

बेसमेंटमधलं पाणी उपसायचा डिझेल पंप बेसमेंटमध्येच लावावा, असंही लिहिणार होतो. पण इथे थट्टा जमत नाही. पंप बाहेर, उघड्यावर ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि ‘दमलो, जरा डोकं दुखतंय’ म्हणत माणूस तिथेच बसतो.

निघण्यापूर्वी रक्तदाब वगैरे तपासून घेणं हे भित्र्यांचं काम. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर जायला गाडीरस्ता नाही, चढ उभा, त्यात पाऊस. नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढतानाच हृदयविकाराने गेला. तोही प्रशिक्षित माणूस. आपण तर सोसायटीची लिफ्ट बंद पडली की सिक्युरिटीला फोन लावतो.

अमेरिकेत मात्र मदतनिसांच्या तब्येतीच्या बाबतीत फार कटकट आहे. २००१ मध्ये न्यूयॉर्कचे मनोरे पडले, तेव्हा ढिगाऱ्यावर हजारो लोक राबले. कोण कुठे किती दिवस होतं, याची पुरी नोंद नव्हती. त्या धुळीची दुखणी वर्षानुवर्षं निघत राहिली. मग तिथल्या निऑश या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या संस्थेने पद्धतच घालून दिली: मदतनिसांची नोंद जाण्याआधी, काम चालू असताना आणि परतल्यावरही. आपल्याला एवढा वेळ कुठे? आणि मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतंच आहे. ती पावलं कशात पडली, हे त्याला कळत नाही, एवढंच.

शेवटची सूचना ॲडमिनसाठी. सोसायटीत एखाद्या निवृत्त सिस्टर असतातच. त्या म्हणतील, ‘अहो, त्या बिस्किटांच्या शेजारी आणखी चार रकाने पाडा की: नाव, जागा, तास, ताप. आणि महिनाभर मी एकेकाला फोन करते.’ त्यांना ताबडतोब चहाच्या कमिटीवर घ्या.