भावाचा काटा

"दोन काड्या कढीपत्ता दे गं," म्हणत काकू कुंपणाशी आल्या. त्यांच्या परसात स्वतःचं झाड आहे, त्यामुळे कढीपत्ता हे निमित्त, हे मी लगेच ओळखलं.

"पौर्णिमानं भावाचा काटा काढला गं! सख्ख्या भावाचा!"

गेले आठ दिवस काकू नातीच्या फोनवर 'सिटी ऑफ ड्रीम्स' बघत होत्या. मालिका हिंदी, 2019 च्या मे महिन्यातली, पण काकूंच्या लेखी मराठीच. पुढारी बाप म्हणजे 'साहेब' अतुल कुलकर्णी, लेक प्रिया बापट, लेक म्हणजे पौर्णिमा, आणि मुलगा आशिष तो सिद्धार्थ चांदेकर. साहेबांवर गोळ्या झाडल्या जातात आणि इकडे बहीण-भावात खुर्चीवरून जुंपते. त्यात सचिन पिळगावकर आतल्या गाठीचे पुढारी झालेत, ते काकूंच्या घशाखालीच उतरत नाही. "'बनवाबनवी'त साडी नेसून हसवलं आपल्याला त्यानं," त्या हळहळल्या.

"पण काकू, भाऊ काय लायकीचा होता? नशापाणी, नाही नाही ती थेरं. त्याच्या हाती राज्य द्यायचं?"

"म्हणून मारायचं? आपल्याकडे खुर्चीसाठी कोण कुणाचा जीव घेतं गं? पहाटे उठून शपथ घेतात."

खरंच की. मालिका आली मे महिन्यात आणि तो गाजलेला शपथविधी त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला. पुढे 2022 ची बंडखोर आमदारांची सुरत-गुवाहाटी वारी कुणा लेखकानं आधी लिहून नेली असती, तर निर्मात्यानं 'जरा पटेल असं लिहा' म्हणून कागद परत केले असते.

पलीकडच्या अंगणात तात्या जास्वंदीला पाणी घालत होते. पाइप एकाच आळ्यात कधीचा वाहत होता, म्हणजे कान इकडेच.

"खून आला की समजायचं, लेखकाचं डोकं संपलं," ते म्हणाले. "'सिंहासन' बघा. 1979. साधूंच्या कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेल. सरनाईक मुख्यमंत्री, डॉक्टर लागू अर्थमंत्री. बंद दाराआड नुसती कुजबुज, पण घाम फुटतो."

"तात्या, त्या खुर्चीच्या शर्यतीत बाई होती का एखादी?"

"तेव्हा कुठल्या बाया?"

"आणि आता? राज्याला अजून एकही बाई मुख्यमंत्री मिळालेली नाही."

तात्यांनी पाइप दुसऱ्या आळ्यात टाकला. मग मुद्दा बदलून सुरू झाले, की आमदार नसतानाही मुख्यमंत्री होता येतं, सहा महिन्यांत निवडून यावं लागतं, आपले पृथ्वीराजबाबा नाही का 2010 साली दिल्लीहून थेट येऊन बसले. कऱ्हाडात राहून हे ठाऊक नसेल तर माणूस कऱ्हाडचा नव्हे. पण विचारलं होतं कुणी?

माझा राग वेगळाच होता. पौर्णिमाला डोकं आहे, माणसं ओळखता येतात. तिला त्या जोरावर जिंकू द्यायचं की! भाऊ जिवंत, समोर उभा, आणि तरी पक्ष हिच्यामागे गेलाय, असं लिहायला काय हरकत होती? तो गेल्यावरच जागा मोकळी झाली, म्हणजे मुलगा उरला नाही म्हणून मुलगी. तसं तर घरोघरी होतंच. मी एवढं तावातावानं बोलले आणि काकू गप्प. पदराशी चाळा करत राहिल्या.

"मी सही केली होती," त्या एकदम म्हणाल्या.

"कसली?"

"हक्कसोडाची. 2005 साली कायदा आला ना, वडिलोपार्जितात लेकीला मुलाएवढा वाटा. पुढच्याच दिवाळीला दादा गाडी घेऊन दारात. भाऊबीज झाली, निबंधकाच्या कचेरीत अंगठे-सह्या झाल्या, येताना वडापाव खाल्ला. एक साडी दिली. मोरपंखी."

"नेसता?"

"नेसते की. काठ चांगलेत."

तात्यांनी नळ बंद केला. कुणीच काही बोलेना, तेव्हा काकूच हसल्या. "पौर्णिमाला अक्कल कमी. भावाला कचेरीत न्यायचं, लिहून घ्यायचं, वर एक सदरा द्यायचा. गोळ्या कशाला वाया घालवायच्या?"

मग कढीपत्त्याच्या काड्या हातात घेऊन जाता जाता त्या थांबल्या. "दुपारी दुसरा सीझन लावते. आता म्हणे बापच लेकीवर उठतो. उठू दे. तिचं पोर तेवढं गोड आहे हो. त्याला नाही ना काही होत?"

तिसऱ्या सीझनमध्ये पौर्णिमा बँकॉकला का जाऊन बसते, ते मला माहीत होतं.

"थांबा काकू," मी झाडाकडे वळत म्हटलं, "अजून चार काड्या देते."